खिडकीतली माकडशिंग

त्या दिवसांत आमच्या घरी भांडण व्हायला मोठं कारण लागत नव्हतं. परत आलेलं एक ताट पुरे होतं.

मी नव्या रायपूरला एका कचेरीत नोकरी करते. संध्याकाळची बस तेलीबांध्याच्या तळ्यापाशी रखडत रखडत येते, तिथून चौबे कॉलोनीपर्यंत ऑटो. घरात शिरले की पर्स खांद्यावरून न काढता मी आधी स्वयंपाकघरात जायची आणि ओट्यावरचं झाकण उचलून बघायची. वरण तसंच. भात तसाच, वरून कडक झालेला. भाजीला बोट लागलेलं नाही. सासूबाईंचं दुपारचं ताट. ते बघितलं की माझ्या डोक्यात सणक जायची.

"अहो, आज पण?"

"नाही म्हणते ती. मी काय करू? तोंडात कोंबू?"

"कोंबा! डॉक्टर काय बोलले ते ऐकलं ना तुम्ही?"

ऐकलं होतं. आम्ही दोघांनीही ऐकलं होतं, म्हणूनच तर एवढा आवाज चढायचा. सासूबाई मार्चमध्ये न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन आत सळई बसली. सगळं ठीक झालं होतं म्हणे. पण टाके काढले तरी जखमेचा एक कोपरा ओलाच राहिला. डॉक्टरांनी त्यांचा दंड चिमटीत धरला आणि म्हणाले, "अम्मा, यहाँ तो कुछ बचा ही नहीं है. खाओगी नहीं तो भरेगा कैसे?" मग आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की पुढच्या शनिवारपर्यंत फरक दिसला नाही तर भरती करू आणि नाकातून नळी टाकून पोटात अन्न घालू. या वयात एकदा नळी लागली की ती निघेलच असं सांगता येत नाही, हेही सांगितलं.

एप्रिल लागला होता. रायपूरचा एप्रिल म्हणजे कूलरसमोर बसूनही जीव घाबरा होतो. आणि ही बाई दिवसभरात दोन घोट पाणी प्यायची. ओठ सोलून निघाले होते. विचारलं तर एकच उत्तर, "मले भूकच नाही."

सकाळी मात्र भूक असायची! हेच तर कोडं होतं. मी डबा भरत असायची, तेव्हा त्या पलंगाला टेकून बसून पोहे खायच्या, वर अर्धा कप दूध, वर चहा. चांगलं खायच्या. मी निघताना म्हणायची, "आई, दुपारी असंच खा बरं." त्या मान हलवायच्या. संध्याकाळी ताट माझी वाट बघत बसलेलं; रात्री माझ्या धाकानं दोन घास गिळायच्या, तेवढेच. म्हणजे दुपारी घरात काहीतरी होत होतं, आणि दुपारी घरात माझा नवराच होता.

नवरा डिसेंबरमध्ये रिटायर झाला. आई पडली तेव्हा त्याला जणू नवी नोकरी मिळाली. आंघोळ-पावडर करायला सकाळी एक दीदी येत होती, ती साडेदहाला जायची. मी म्हटलं होतं, तिला दिवसभर ठेवू. तर साहेब म्हणाले, "दिवसभराची बाई कशाले? मी आहे ना." माझ्या कमरेला पट्टा, मला बादली उचलायची मनाई. त्यामुळे आईला उचलून कमोडच्या खुर्चीवर बसवणं, धुणं-पुसणं, पुन्हा पलंगावर नीट निजवणं, सगळं तोच करायचा. खोटं कशाला बोलू, फार छान करायचा. कधी तोंड वाकडं नाही, कधी चिडचिड नाही. डायपर आईंनी पहिल्याच दिवशी ओढून फेकला होता, तेव्हाही तो हसला होता. नातेवाइकांचे फोन आले की पलंगाशी उभा राहून सांगायचा, "आईचं सगळं मीच करून राहिलो. सगळं म्हणजे सगळं." तिकडून वाहवा व्हायची. सासूबाई खिडकीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या.

असा माणूस आईला जेवू घालायला विसरेल, हे मलाही पटत नव्हतं. मग मी माझ्या वरणाला बोल लावायची. फोडणीत हिंग जास्त झाला का, भात फडफडीत झाला का. मऊ खिचडी करून गेले, ती परत. शिरा केला, परत. ज्वारीच्या पिठाची उकड करून गेले, तीही परत. तेव्हा मी त्या उकडीचा वाडगा ओट्यावर असा आपटला की नवरा बाहेरून ओरडला, "भांड्यावर काहून राग काढते?"

"मग कोणावर काढू ते सांगा!"

त्यात रविवार. रविवारी सकाळच्या दीदीची सुट्टी, आणि रविवारीच अभनपूरहून नणंदबाई यायच्या. नवऱ्याहून धाकट्या, पण आवाजानं सगळ्यांत मोठ्या. आणि झालं असं की रविवारी सासूबाई सकाळचे पोहेसुद्धा खायच्या नाहीत. पाण्याचा पेला हातात धरून बसायच्या आणि तसाच खाली ठेवायच्या. नणंदेनं आपल्या आईला बघितलं ते असंच बघितलं, दर रविवारी, उपाशी. ती काय समजणार? ती तेच समजली जे कोणीही समजलं असतं. "वहिनी, आठवडाभर तुम्ही ऑफिसात. घरात माझ्या मायले कोणी घासभर विचारते का नाही?" हे ती माझ्या तोंडावर बोलली, तोवर ठीक होतं. पण आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला बाजारात थांबवून फार गोड आवाजात विचारलं, "सासूबाई जेवतात ना गं नीट?" तेव्हा मला कळलं की गोष्ट अभनपूरहून फिरून रायपुरात आली आहे. माझ्या हातात भेंडी होती. ती मी परत टोपलीत टाकली आणि घरी आले. त्या दिवशी मी रडले, रागानं.

तो शनिवार जवळ येत होता. आधीच्या रविवारी नणंद आली ती ठरवूनच आली. चपला काढता काढता म्हणाली, "दादा, संध्याकाळी हे गाडी घेऊन येतात. आईले मी अभनपुरले नेते. माझ्या डोळ्यासमोर चार दिवस ठेवते, मग बघू ते नळीचं."

नवऱ्याचा चेहरा पडला. "माझ्याकडे काय कमी आहे?"

"कमी काय ते तिच्या हाडांवर दिसून राहिलं."

"मी करतो तिचं. जाऊन बघ ना, एक डाग सापडते का चादरीवर!"

"चादर खाते का माणूस?"

मी मध्ये काही बोलले नाही. बोलले असते तर भलतंच बोलले असते. आतल्या खोलीतून सगळं ऐकू जात होतं, आणि तिथून ना हूं ना चूं. आपल्याला नेणार, ठेवणार, नळी घालणार, एवढं सगळं चाललंय आणि ही बाई गप्प! मला त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मी पोळ्या लाटायला घेतल्या. नणंद स्वयंपाकघरात आली, पाण्याचा ग्लास भरला आणि पर्समधून एक हिरवी बाटली काढली. तिच्याकडे वजनाचं काहीतरी नेहमीच चालू असतं. कधी गरम पाण्यात लिंबू, कधी नुसती काकडी. या वेळी कॅप्सूल होत्या.

"हे काय नवीन?" मी विचारलं. भांडणातही चौकशी तर करावीच लागते.

"जडीबुटीच आहे हो. पोरीनं ऑनलाइन मागवून दिल्या. जेवणाच्या अर्ध्या तासाआधी घ्यायची. भूकच नाही लागत. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटते."

भूकच नाही लागत. लाटणं माझ्या हातात थांबलं. मी बाटली तिच्या हातातून घेतली. वेष्टनावर बारीक इंग्रजी होतं, ते राहू द्या; चित्र होतं. खडकातून उभ्या निघालेल्या हिरव्या काड्या, बोटाएवढ्या जाड, चार धारांच्या, पान एकही नाही, टोकाशी एक जांभळट बारकं फूल. खाली लिहिलेलं की जंगलातले लोक पूर्वीपासून भूक मारायला ही वनस्पती चघळतात.

"अवं माय!" मी म्हटलं. "ही तर आईंची माकडशिंग."

सासूबाईंचं माहेर काटोलकडचं. तिकडच्या खडकाळ माळावर ही उगवते. त्यांचे वडील गुरांमागे दिवसदिवस फिरायचे, धोतराच्या सोग्यात चार काड्या आणि मीठ बांधून न्यायचे आणि भाकरीच्या जागी तेच चघळायचे. लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा त्यांनी एक काडी आणून गच्चीवर लावली. कधीमधी चिंच-गूळ घालून तिची भाजी करायच्या. घरात त्यांच्याशिवाय कोणी खात नव्हतं, आंबट-कडवट लागते. मी इतक्या वर्षांत तिला पाणी घालत आले आणि तिच्याकडे कधी धड बघितलं नाही. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "माही कुंडी खिडकीत आणून ठेव. पडल्या पडल्या डोळ्यांले काही हिरवं दिसू दे." नवऱ्यानं लगेच आणून ठेवली होती. मायाळूच तो.

बाटली तिच्या हातात परत देऊन मी तशीच पिठाच्या हातांनी आतल्या खोलीत गेले. नणंद मागोमाग. नवरा बाहेर पेपर घेऊन बसला होता, त्याला मी ओरडून सांगितलं, "अहो, दही संपलं, घेऊन या." दही भरपूर होतं. तो गेला.

कुंडी खिडकीच्या कठड्यावर होती, पलंगावरून हात पुरेल इतकी जवळ. भिंतीकडच्या काड्या पूर्ण होत्या. पलंगाकडच्या बाजूला नुसते खुंट. काही खुंट सुकलेले, काही ताजे, नखानं तोडल्याची खूण दिसत होती. मी उशी उचलली. खाली हातरुमालाची पुरचुंडी होती, त्यात मऊ पडलेल्या काड्या आणि जाड मीठ.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे काय आहे, आई?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी रोज पहाटे उठून तुमच्यासाठी खिचडी करते, उकड करते, आणि तुम्ही भूक मारायच्या काड्या चघळता? वर तुमची लेक मला गावभर बदनाम करून राहिली! शनिवारी नाकात नळी घालणार आहेत, कळतं का तुम्हाला? का करून राहिल्या तुम्ही असं? मरायचं आहे का?"

"वहिनी, हळू," नणंद म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. मुठीत ती बाटली तशीच.

 सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "मीठ त्या दीदीनं आणून दिलं. तोंडाले चव नाही म्हणून मागतलं मी. तिले काही नका म्हणू."

"तिला कोण म्हणतंय! मी तुम्हाला विचारते."

"खाल्लं की जा लागते व," त्या म्हणाल्या. "पाणी पेलं तरी जा लागते."

मी उशी परत जागेवर ठेवली.

"सकाळी दीदी असते. तिच्यासमोर काही नाही वाटत, बाईमाणूस आहे. ती यायच्या आधी मी पोटभर खातो, म्हणजे ती असेपर्यंत होऊन जाते. मग दिवसभर…" त्या थांबल्या. "मग तो येते. 'आई, चल, धर मले.' पदर सावरू देत नाही, पडशील म्हणते. लुगडं वर करते, पुसते. माहा पोरगा. साठीचा बाप्या झाला तो. मी भिंतीकडे पाहतो तवा. रोज पाहतो. देवाले म्हणतो, डोळे फोड माहे." त्यांनी हातानं तोंड झाकलं. "रविवारी तं दीदीच येत नाही. मग रविवारी खाऊनच काय करू?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. राग होता तो एकदम कुठे गेला कळलं नाही, आणि रिकाम्या हातांनी उभं राहिल्यासारखं झालं. नणंद पलंगाच्या कडेला बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"अहो पण सांगायचं ना!" मी म्हटलं. "एक शब्द बोलल्या असत्या तर दीदीला दिवसभर ठेवलं असतं. एवढीच गोष्ट होती!"

"कशी सांगू? एवढ्या मायेनं करते तो. सगळ्यांले फोन करून सांगते. त्याले म्हणू, तुह्या हाताची मले लाज वाटते? तुटून जाईल तो."

"आणि तुम्ही तुटल्या ते?"

"माहं काय आता," त्या म्हणाल्या.

नणंदेनं डोळे पुसले. "मी नेते ना तुले, आई. माह्याकडे मी आहे, माही मोठी सून आहे…"

"तिथं जावई आहे," सासूबाई म्हणाल्या.  तिच्या घरी एकच न्हाणीघर आहे, तेही मधल्या खोलीतून जायचं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

फाटक वाजलं. दही आलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "तुम्ही सांगा, वहिनी," नणंद कुजबुजली. "मी सांगायला गेले तर मीच रडेन. आणि तुमाले जीभ आहे." त्या परिस्थितीतही टोमणा मारायचं सुचलं तिला!

"नका सांगू त्याले," आतून सासूबाई म्हणत होत्या. "नका व सांगू. मी खातो आता. सगळं खातो."

मी स्वयंपाकघरात गेले. तो दही फ्रिजमध्ये ठेवत होता आणि दोन वाडगे आधीचेच बघून म्हणत होता, "इथं तर आहे की." मला जीभ आहे हे खरं, पण त्या वेळी ती टाळूला चिकटली होती. शेवटी मी गोल गोल न फिरवता सांगितलं. आई जेवत नाही कारण तुमच्या हातून बसायला-धुवायला त्यांना लाज वाटते, आणि भूक मारायला त्या खिडकीतली माकडशिंग खातात.

तो हसला आधी. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

"असं म्हणाली ती?"

"हो."

"मी कधी तोंड वाकडं केलं का?"

"नाही हो. कधीच नाही."

"कधी एका शब्दानं म्हटलं का की घाण वाटते?"

"त्याचं नाहीच आहे ते."

"मग कशाचं आहे?" तो एवढ्या जोरात ओरडला की नणंद दाराशी येऊन उभी राहिली. तो तिला बाजूला सारून खोलीत गेला आणि पलंगाशी उभा राहून म्हणाला, "आई, लहानपणी तू माझं सगळं केलं का नाही? मग मी केलं तं काय झालं? मले कशाची लाज?"

सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. एरवी एवढ्या बोलण्यावर त्या विरघळल्या असत्या. पण आता कुलूप निघालंच होतं.

"तू तवा लहान होता रे," त्या म्हणाल्या. "मी लहान नाही."

 तो वळला, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि गेला. फोन टेबलावरच राहिला. मी फाटकापर्यंत धावले, "अहो, ऊन आहे, थांबा तरी!" स्कूटर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

त्यानंतरची दुपार मी कशी काढली ते मलाच माहीत. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. बाहेर रस्ते भट्टीसारखे तापलेले. नणंद म्हणत होती, तळ्यावर गेला असेल, राग आला की तो लहानपणापासून तळ्यावर जाते. मला तेलीबांध्याचं पाणीच डोळ्यांसमोर येत होतं. मी खोलीतून फाटकाशी, फाटकाशी आले की परत खोलीत. सासूबाई सारख्या विचारत होत्या, "आला का? सांगितलं ना मी, नका सांगू म्हणून." आणि मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की त्यांना जायचं आहे.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी पट्टा घट्ट केला. "वहिनी, तुम्ही फक्त पाय धरा, भार मी घेते," नणंद म्हणाली. तिनं साडी खोचली, आईच्या काखेत हात घातले आणि उचललं. इतके दिवस जिच्याशी मी धड बोलत नव्हते तिच्या खांद्याला खांदा लावून मी उभी होते, आणि आम्ही दोघी धापा टाकत होतो. सासूबाईंनी पदर आधी गुडघ्यांवर ओढून घेतला, मगच म्हणाल्या, "आता सोडा." परत निजवताना नणंदेला म्हणाल्या, "केवढी वजनदार झाली व तू. बरं झालं." नणंदेला रडावं की हसावं कळेना. ती हिरवी बाटली तोवर तिनं कमरेला खोचून ठेवली होती, ती आता कुठे नेऊन ओट्यावर ठेवली.

मग त्या म्हणाल्या, "सूनबाई, वरण आहे का?"

मी वरण-भात कालवून नेला. त्या स्वतःच्या हातानं खात होत्या. मी बघत नाही असं दाखवत बघत होते. एक घास, दुसरा घास, मग लिंबाची फोड चाटली. तिसऱ्या घासाला फाटक वाजलं.

स्कूटरवर मागे दीदी बसली होती, घरच्याच साडीत, मांडीवर पिशवी. तिचा पारा, म्हणजे मोहल्ला, स्टेशनपलीकडे, गल्ल्यागल्ल्यांत. त्याला घर माहीत नव्हतं. विचारत विचारत फिरला होता भर उन्हात. चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. मला त्याला चांगलं झापायचं होतं, फोन का विसरलात म्हणून, पण आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दीदीच बोलली, "भैया बोले, दोपहर-शाम को भी आना, रविवार को भी. मैं बोली, हव, आ जाऊँगी. इतनी सी बात के लिए रो काहे रहे हो भैया?"

तो आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर थांबला. इतके दिवस तो त्या खोलीत बेधडक शिरत होता, आता दार उघडं असून बाहेर उभा.

"आई," तो म्हणाला, "ही येत जाईल."

"बरं."

"मी… मी येऊ का आत?"

"ये ना रे," सासूबाई म्हणाल्या. तोंडात घास होता. "जेवला नाही तू. सूनबाई, त्याले वाढ."

तो आत जाऊन खाली जमिनीवर बसला, पलंगाला पाठ टेकून. त्यांच्याकडे तोंड करून नाही. मी त्याचं ताट तिथेच नेऊन दिलं. दोघं जेवली.  संध्याकाळी जावईबापू गाडी घेऊन आले, चहा घेऊन एकट्या बायकोला घेऊन परत गेले. जाताना नणंद माझ्याजवळ घुटमळली. माफी वगैरे ती मागणाऱ्यातली नाही. म्हणाली, "मंडळातल्या त्या काकूंले मी फोन करते." एवढं पुरे होतं मला.

शनिवारी डॉक्टरांनी जखम बघितली, पुन्हा दंड चिमटीत धरला आणि नळीचं नाव काढलं नाही, पुढचा आठवडा बघू म्हणाले. मी त्यांना बाटलीचं आणि काडीचं विचारलं. ते म्हणाले, अशा काडीनं थोडीफार भूक मंदावत असेल, नसेलही. मनावर घेतलं की माणूस काडीशिवायही उपाशी राहू शकतो. मला तेच खरं वाटतं. काडीनं भूक मारली की त्यांनीच मारली, देव जाणे. नणंद मात्र ती बाटली त्या दिवशी आमच्या ओट्यावर विसरली, ती तिनं कधी परत मागितली नाही.

आता सासूबाई वॉकर धरून स्वतः न्हाणीघरापर्यंत जातात. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की आतून कडी लावायची नाही, पडल्या तर दार तोडावं लागेल. त्या ऐकतात, मान हलवतात आणि आत गेल्या की कडी लावतात. खाडकन. सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. नवरा बाहेर पॅसेजमध्ये पेपर उघडून उभा राहतो आणि एक ओळही वाचत नाही. मी ओरडायचं सोडून दिलं आहे.

कुंडी परत गच्चीवर नेली. नवरा उपटून फेकून देणार होता, मी फेकू दिली नाही. खुंटांना पुन्हा धुमारे आलेत. माझ्या कमरेचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या पोट्ट्याचा परवा फोन आला होता. म्हणाला, "टेंशन मत लो आई, मैंने छुट्टी डाल दी है. तुम्हारा सब मैं करूँगा." सगळं म्हणजे सगळं, म्हणाला. बापावर गेलाय, फार मायाळू आहे. फोन ठेवून मी गच्चीवर गेले आणि कुंडीला पाणी घातलं.